तांबड्या झिंग्यांची निपज



कोळंबी शिजतांना तिचा रंग पालटतो, हें तुमच्यापैकीं अनेकांनीं स्वयंपाकघरांत पाहिलें असेल. बाजारांतून आणलेली ओली कोळंबी राखी, किंचित् निळसर दिसते. पातेल्याखालीं आंच लागली कीं दोनचार मिनिटांत ती केशरी तांबडी होते. हा रंग मसाल्याचा नव्हे. तो पहिल्यापासून तिच्या अंगांतच असतो. ॲस्टॅक्झँथिन नांवाचें तें द्रव्य एका प्रथिनाशीं अशा रीतीनें जखडलेलें असतें कीं, स्वतः तांबडें असूनहि तें निळसर दिसतें. उष्णतेनें त्या प्रथिनाची घडी विसकटते, द्रव्य मोकळें होतें आणि आपला खरा रंग दाखवूं लागतें. आपण कोळंबीला रंग आणला असें आपल्याला वाटतें. वास्तविक आपण तिचा रंग नुसता उघडा पाडलेला असतो.

आज मी ज्या प्राण्याविषयीं बोलणार आहें, तो या कोळंबीचाच एक चिमुकला, गोड्या पाण्यांतला नातलग आहे. हा झिंगा खाण्याचा नव्हे, कांचेच्या टाकींत ठेवून पाहण्याचा. तांबडा दिसण्यासाठीं त्याला पातेल्यांत पडावें लागत नाहीं. तो जिवंतपणींच तांबडा असतो. मात्र निसर्गानें त्याला तसें केलेलें नाहीं. तें माणसाचें काम आहे, आणि तें अजून संपलेलें नाहीं. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाली हवी, मग त्याहून गडद हवी, मग पायसुद्धां रंगलेले हवेत, अशी ही हांव पिढ्यान्‌पिढ्या चाललेली आहे. पिढ्या झिंग्यांच्या, कारण त्यांच्या तीन ते चार पिढ्या एका वर्षांत उरकतात.

या झिंग्याचें शास्त्रीय नांव निओकॅरिडिना डेव्हिडी. बूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १९०४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांवांतला डेव्हिड म्हणजे चीनमध्यें हिंडून असंख्य प्राणी व वनस्पती जमविणारा आर्मां दाव्हिद हा धर्मोपदेशक. चीनचा पूर्व भाग आणि तैवान हें या झिंग्याचें मूळ घर. पूर्ण वाढलेली मादी इंचभर किंवा थोडी अधिक, नर तिच्याहून लहान व सडपातळ. मूळ रानटी झिंगा तपकिरी, हिरवट, बराचसा पारदर्शक असतो. पानाखालीं बसला तर दिसावयाचा नाहीं. ओढ्यांत तसेंच असावें लागतें, कारण तेथें तांबडा झिंगा म्हणजे माशापुढें वाढून ठेवलेलें पान. एखाद्या पिल्लाच्या अंगावर लालीचा डाग उमटला तरी तें पिल्लू मोठें होऊन आपला डाग पुढच्या पिढीला देईल, हा संभव फार थोडा. कांचेच्या टाकींत मासा नसतो. तेथें निवड करतो तो माणसाचा डोळा, आणि ज्या डागामुळें ओढ्यांत मरण यावयाचें त्याच डागामुळें येथें वंश वाढतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आशियांतील पैदासकारांनीं हा तांबडा वाण स्थिर केला आणि तेथून तो जगभर गेला.

बाजारांत लालीच्या पायऱ्या ठरल्या आहेत. अंगावर तांबडे ठिपके असून मधून मधून कांचेसारखी पारदर्शक जागा दिसते तो साधा चेरी. ठिपके दाट झाले कीं साकुरा. सगळें अंग भरून आलें कीं फायर रेड. आणि पायहि रंगले कीं पेंटेड फायर रेड. ब्लडी मेरी म्हणून एक निराळा वाण आहे, त्यांत लाली कवचाखालच्या मांसांतून वर आल्यासारखी दिसते आणि अंगाला माणकासारखी खोली येते. या नांवांना कोणतेंहि अधिकृत माप नाहीं. एका दुकानांतला साकुरा दुसऱ्या दुकानांत फायर रेड होतो आणि त्याबरोबर किंमतहि चढते. आंब्याच्या पेटीवर चिकटवलेल्या गांवाच्या नांवावर आपण जितका विश्वास ठेवतों, तितकाच या नांवांवर ठेवावा.

आतां, अधिक लाल झिंगा हवा असेल तर काय करावें? सर्वांत लाल नर आणि सर्वांत लाल मादी निवडावी, त्यांना एकत्र ठेवावें, त्यांच्या पिलांतून पुन्हां सर्वांत लाल निवडावीं. झालें. मलाहि तें इतकेंच वाटलें होतें. माझ्या पहिल्या वर्षीं मीं दोन टाक्या मांडल्या. एकींत काळी वाळू घालून निवडक झिंगे ठेवले, दुसरींत पांढरी वाळू घालून उरलेले. महिन्याभरानें काळ्या वाळूवरचे झिंगे निखाऱ्यासारखे दिसूं लागले आणि पांढऱ्या वाळूवरचे पाणी घातलेल्या सरबतासारखे. मी भलताच खूष झालों. आल्यागेल्याला दाखवूं लागलों. पुढें टाकी धुवावयाची म्हणून एकदां दोन्हीकडचे झिंगे अदलाबदल करून ठेवावे लागले, आणि कांहीं दिवसांतच माझे निवडक झिंगे फिके पडले व टाकाऊ झिंगे लाल झाले! मीं जी निवड म्हणून मिरवीत होतों, ती पुष्कळशी वाळूचीच करामत होती.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. झिंग्याचें कवच बव्हंशीं पारदर्शक असतें. रंग असतो तो त्याखालच्या त्वचेंतील रंगपेशींत. प्रत्येक रंगपेशीला झाडासारख्या फांद्या असतात. रंगाचे कण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले कीं अंग गडद दिसतें, आणि तेच कण मध्यभागीं गोळा झाले कीं फिकें दिसतें. कण तितकेच, देखावा मात्र निराळा. हें पसरणें आणि आंवळणें कोणाच्या हातीं असतें? झिंग्याचे डोळे देठांवर बसविलेले असतात, त्या देठांतून निघणाऱ्या अंतःस्रावांच्या हातीं. डोळ्याला खालची जमीन काळी दिसली कीं एक हुकूम सुटतो, पांढरी दिसली कीं दुसरा. १९७२ सालीं फर्नलुंड आणि योसेफसन या दोन शास्त्रज्ञांनीं उत्तर समुद्रांतील एका कोळंबीच्या डोळ्यांच्या देठांपासून तांबडे कण आंवळणारा स्राव शुद्ध करून त्याची रचना उलगडली. अवघ्या आठ ॲमिनो आम्लांची ती सांखळी आहे. एवढीशी वस्तु, पण तिनें माझें एक वर्ष खाल्लें.

तेव्हांपासून माझा नियम असा आहे कीं, ज्या झिंग्यांची तुलना करावयाची ते सर्व एकाच रंगाच्या वाळूवर, एकाच उजेडांत आणि एकाच वयाचे असले पाहिजेत. नुकतें कवच टाकलेल्या झिंग्याची परीक्षा करूं नये, आणि आजच पिशवींतून आलेल्याची तर मुळींच करूं नये. भ्यालेला झिंगा फिका पडतो. दुकानदाराच्या काळ्या तळाच्या टाकींत पाहून भुलूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

दुसरा मोह खाण्याचा. झिंग्याला आपल्या अंगांतलें रंगद्रव्य शून्यांतून बनवितां येत नाहीं. शेवाळांतून व पालेभाजींतून जीं पिवळीं-नारिंगी द्रव्यें पोटांत जातात, त्यांवर आपली प्रक्रिया करून तो तांबडें द्रव्य तयार करतो. म्हणून उकडलेला पालक, टाकींत आपोआप धरणारें शेवाळ, वाळलेलें बदामाचें पान, हें सर्व त्याला द्यावें. त्यानें रंग खुलतो यांत शंका नाहीं. परंतु खाण्यानें आलेली लाली पिलांना वारशानें मिळत नाहीं. वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञानें १८८० च्या दशकांत उंदरांचीं शेपटें पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिलीं. पुढचीं पिलें शेपटांसहच जन्मलीं. उलट, उपाशी ठेवलेल्या उत्तम वंशाच्या झिंग्याला आपण फिका म्हणून बाजूला काढूं, हाहि धोका आहेच. सर्वांना सारखें आणि पोटभर खाऊं घालावें, आणि मग काय फरक उरतो तें पाहावें. उरलेल्या फरकांत वंशाचा वांटा शोधावयाचा.

झिंग्यांचा संसार पाहण्यासारखा असतो. मादीच्या मानेमागें, पाठीवर, खोगीर घातल्यासारखा पिवळट डाग दिसूं लागला कीं तिच्या पोटांत अंडीं तयार होत आहेत असें समजावें. मग ती कवच टाकते. तिचा गंध पाण्यांत पसरतो, आणि एरवीं शेवाळ खरवडीत शांत बसलेले नर एकाएकीं टाकीभर धांवत सुटतात. लग्नघरांत वाजंत्री आल्यावर पोरें धांवतात तशी ती गडबड असते. त्यानंतर अंडीं मादीच्या पोटाखालीं येतात, वीसतीस किंवा कधीं त्याहून अधिक, आणि तीनचार आठवडे ती आपल्या पोहण्याच्या पायांनीं त्यांना अखंड वारा घालीत असते. पिल्लू बाहेर येतें तें आईची सूक्ष्म प्रतिकृतिच असतें. झिंग्यांच्या अनेक जातींचें बालपण खाऱ्या पाण्यावांचून पुरें होत नाहीं. याचें तसें नाहीं, आणि म्हणूनच तो दिवाणखान्यांत नांदूं शकला. दोनतीन महिन्यांत तीं पिलें स्वतः आईबाप होण्याजोगीं होतात.

येथें एक गोम आहे. लाली सर्वांत खुलते ती मादीच्या अंगावर. नर उत्तम वंशाचा असला तरी बहुधा फिकट, ठिपक्याठिपक्यांचा असतो. नवखा माणूस उत्तम माद्या निवडतो आणि नर हातीं येतील ते ठेवतो. पण पिलाला अर्धा वारसा बापाकडून मिळतो. गाईंची पैदास करणाऱ्यांना हें चांगलें ठाऊक आहे. वळू दूध देत नाहीं, म्हणून कोणी वळू डोळे मिटून निवडीत नाहीं. त्याच्या मुलींचें दूध मोजून त्याची किंमत ठरवितात. मींहि तोच मार्ग धरला. वयांत येण्यापूर्वींच वेगळ्या काढलेल्या दोन बहिणीबहिणी दोन छोट्या टाक्यांत ठेवल्या, प्रत्येकींत एक एक नर सोडला, आणि मुली मोठ्या होईपर्यंत वाट पाहिली. दिसावयास उजवा असलेला नर परीक्षेंत डावा ठरला. त्याच्या मुलींच्या पाठीवर पारदर्शक फटी होत्या. दुसऱ्याच्या, म्हणजे ज्याला मी काढूनच टाकणार होतों त्याच्या, मुली शेपटीपर्यंत भरलेल्या निघाल्या. दोन नरांच्या परीक्षेवरून सिद्धांत मांडतां येत नाहीं हें मला कळतें. पण त्या दिवसापासून मी नराच्या रूपावर निकाल देत नाहीं.

आणखी एक निराशा ठरलेली असते, तिची तयारी ठेवावी. लालभडक जोडप्याचीं पिलें सरासरीनें आईबापांइतकीं लाल होत नाहींत; टाकींतल्या सामान्य झिंग्यांहून अधिक लाल, पण आईबापांहून कमी. गॉल्टननें १८८६ सालीं उंच आईबापांच्या मुलांविषयीं हेंच दाखवून दिलें होतें. याचा अर्थ वंश बिघडला असा नव्हे. आईबापांच्या लालींत कांहीं भाग वारशाचा होता, कांहीं भाग नशिबाचा, खाण्याचा आणि हवेचा. पिलांना पहिलाच भाग मिळाला. पुष्कळ लोक या पायरीवर हताश होऊन दुकानांतून नवी, अधिक लाल जोडी आणतात आणि केलेली सर्व मेहनत पाण्यांत घालतात. आणखी दोन पिढ्या धीर धरला असता तर त्यांनाच ती जोडी विकतां आली असती.

धीर धरावा, पण किती? हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. मीं चार पिढ्या अतिशय कडक निवड केली. दर पिढींत पांचसहा झिंगे ठेवावे, बाकीचे काढावे. लाली खरोखर वाढली. मग मादीच्या पोटाखालचीं अंडीं कमी दिसूं लागलीं, पिलें कवच टाकतांना मरूं लागलीं, आणि एक दिवस लक्षांत आलें कीं टाकींतले सर्व झिंगे एकमेकांचे सख्खे भाऊबहीण किंवा त्याहूनहि जवळचे आहेत. निकट रक्तसंबंधांतून संतति घेत गेलें कीं जे दोष एरवीं सुप्त राहतात ते वर येतात. झिंगे याला अपवाद कसे असतील?

जपानमधली एक गोष्ट या संदर्भांत प्रसिद्ध आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, मधमाशी म्हणून ओळखला जाणारा, कॅरिडिना वंशांतला झिंगा तेथें हौसेनें पाळतात. १९९० च्या दशकांत हिसायासु सुझुकी या पैदासकाराला शेंकडों काळ्यापांढऱ्या पिलांत तांबडें पिल्लू सांपडलें. हा तांबडा रंग सुप्त असल्यामुळें काळ्याशीं संकर होतांच तो दडे. नातवंडांत पुन्हां डोकें वर काढी. त्यानें जवळच्या नात्यांत जोड्या लावून तो स्थिर केला, आणि क्रिस्टल रेड या नांवानें तो झिंगा जगांत गेला. सौंदर्य अप्रतिम, पण प्रकृति फार नाजूक. पाण्यांत जरा उणेंअधिक झालें कीं माना टाकणारा. इतक्या थोड्या पूर्वजांवर सगळा वंश उभारला म्हणजे दुसरें काय होणार?

यावर उपाय म्हणून मी आतां दर पिढींत निदान तीस झिंगे राखतों, त्यांत कांहीं मध्यम लालीचे पण धष्टपुष्ट असे मुद्दाम ठेवतों, आणि त्याच वाणाचे झिंगे पाळणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थाशीं वर्षाआड दहाबारा नगांची देवघेव करतों. रंग हळू वाढतो. वाढूं दे. एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें: नवें रक्त म्हणून निळा, पिवळा किंवा दुसऱ्या रंगाचा झिंगा आणूं नये. ते सर्व एकाच जातीचे असल्यामुळें त्यांचा संकर सहज होतो, आणि लाल व निळ्यापासून जांभळें कांहीं तरी निघेल या आशेवर बसलेल्या माणसाच्या हातीं ओढ्यांतला तोच मूळ तपकिरी झिंगा येतो. डार्विननें लंडनमधल्या कबुतरवाल्यांच्या मंडळांत जाऊन, स्वतः कबुतरें पाळून, हाच चमत्कार पाहिला होता. तऱ्हेतऱ्हेच्या वाणांचा संकर केला असतां पिलांत रानपारव्याचा निळसर राखी रंग आणि पंखांवरचे ते दोन काळे पट्टे परत येत. माणसानें वेगवेगळ्या वाटांनीं दूर नेलेले वंश एकत्र आले कीं आजा जागा होतो.

आपल्या हवेंत हा छंद करणाऱ्यांसाठीं थोडें सांगतों. वीस ते सव्वीस अंश उष्णता या झिंग्याला मानवते. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचें पाणी तीस अंशांवर गेलें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो व माद्या अंडीं टाकून देतात. टाकीचें झांकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें टाकीहि दोनतीन अंश उतरते. नळाच्या पाण्यांतलें क्लोरिन घालविल्यावांचून तें ओतूं नये. आणि तांब्याच्या हंड्यांत किंवा कळशींत भरून ठेवलेलें पाणी झिंग्यांना कधींहि घालूं नये. आपल्याकडे तें पाणी आरोग्यदायक मानतात, पण विरघळलेलें तांबें झिंग्यांना विषासारखें आहे. गंमत अशी कीं, झिंग्याच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य तांब्याचेंच असतें! जें मापांत रक्तांत हवें, तेंच पाण्यांत वाढलें कीं प्राण घेतें.

माझी सर्वांत मोठी हानि याहूनहि साध्या कारणानें झाली. परीक्षेंत उतरलेल्या त्या नराच्या मुली, नाती, सगळी मेहनतीची टाकी होती. घरांत झुरळें झालीं म्हणून ओट्याखालीं औषध फवारलें. टाकी दुसऱ्या खोलींत होती, झांकणहि होतें. पण हवेचा पंप जमिनीवर, दाराशीं होता, आणि तो इमानेंइतबारें ती हवा पाण्यांत सोडीत राहिला. झुरळ आणि झिंगा हे दोघेहि संधिपाद प्राणी. जें एकाला मारतें तें दुसऱ्यालाहि मारतें. सकाळीं तळाशीं सगळे आडवे पडलेले, आणि रंग असा कीं तितके लाल मीं त्यांना कधीं पाहिले नव्हते. दुसऱ्या टाकींत काढून ठेवलेल्या फिक्या झिंग्यांत त्याच वंशाच्या कांहीं माद्या होत्या, म्हणून पुन्हां आरंभ करतां आला.

त्या फिक्या झिंग्यांविषयीं बोलून आटोपतें घेतों. निवड करणारा प्रत्येक माणूस लाल झिंग्यांविषयीं बोलतो. काढलेल्यांचें काय केलें हें फारसा कोणी सांगत नाहीं. शंभरांतले सत्तर काढावयाचे, तर ते जातात कोठें? कांहीं माशांच्या तोंडीं जातात. कांहीं, मालकाला दया येते म्हणून, जवळच्या तळ्यांत किंवा नाल्यांत सोडले जातात, आणि ही दया मला सर्वांत घातक वाटते. जर्मनींत कोलोनजवळ गिलबाख नांवाचा ओढा आहे. वीजनिर्मितीकेंद्राच्या पाण्यामुळें तो हिंवाळ्यांतहि कोंबट राहतो. या झिंग्यांनीं तेथें वस्ती केल्याचें २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं नोंदविलें. हवाई बेटांवरच्या ओढ्यांत ते त्याआधींच पोंचलेले होते. जर्मनींतल्या झिंग्यांना निदान गरम पाण्याचा ओढा शोधावा लागला. आपल्याकडे बारा महिने कोंबट असलेल्या तळ्यांची काय वाण! आपल्या नद्यांत आपले स्वतःचे लहान झिंगे आहेत, त्यांच्या अन्नावर आणि जागेवर हे पाहुणे हक्क सांगूं लागले तर त्यांना परत बोलावतां येणार नाहीं.

माझ्याकडे फिक्यांसाठीं एक मोठी टाकी खिडकींत आहे. ती मी निवडीत नाहीं, नुसती पोसतों. शेजारच्या मुलांना त्यांतलेच देतों, आणि देतांना एवढी अट घालतों कीं कंटाळा आला तर झिंगे मला परत आणून द्यावे. टाकीचें काढलेलें पाणी मोरींत न ओततां जाळीच्या कापडांतून गाळून फुलझाडांच्या कुंड्यांना घालतों. नखाएवढें पिल्लूदेखील कापडांत अडकून राहतें आणि उचलून पुन्हां टाकींत सोडतां येतें.